नव्या वस्तूचं प्लास्टिक

मखमलाबाद, नाशिक

प्रिय सृष्टी,

फोन असताना आई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आता गप्प बस आणि वाच.

पप्पांची अट तुला ठाऊकच आहे. पुण्याची नोकरी सोडून घरी येणार आणि कॉम्प्युटर कसा जोडायचा, त्याचा वेग कसा वाढवायचा, हे मराठीत लिहिणार, असं तू दिवाळीत म्हणालीस. तेव्हा ते म्हणाले होते, तुझं लिहिलेलं वाचून तुझ्या आईने एकटीने, कुणाला फोन न करता कॉम्प्युटर जोडून चालू करून दाखवला, तर खुशाल सोड नोकरी. हसतच म्हणाले होते. त्यांना वाटलं, अटीतच नकार आला. लग्न झाल्यापासून मिक्सर बिघडला काय आणि विहिरीवरची मोटार बंद पडली काय, तुला नाही कळायचं, हेच मी ऐकत आले. मनाने वाईट नाहीत गं ते, पण तोंडात बसलंय. म्हणून ही परीक्षा तुझी कमी आणि माझीच जास्त होती. तुला तेव्हा बोलले नाही.

रविवारी शेवंती गंगेवरच्या बाजारात विकून आलो, जेवणं उरकली आणि मी तू पाठवलेलं सुट्या भागांचं खोकं आणि तू लिहिलेले कागद घेऊन ओसरीत बसले. पप्पा समोर खुर्ची टाकून गंमत बघायला हजर. आधी तुझं कौतुक करते. प्रत्येक पायरीखाली ‘हे झालं की असं दिसेल’ असं लिहिलंस, ते फार बरं केलंस. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारकासा त्रिकोण मी डाळीतला खडा शोधावा तसा शोधला. रॅम बसताना टक्क वाजेल म्हणालीस, आणि वाजलं. माझा जीव भांड्यात पडला.

आता बोलणी खा. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी घ्या म्हणतेस. अगं, भाजीमळ्यात वाढलीस ना तू? कुठला वाटाणा? मी आपला थंडीतला टपोरा हिरवा वाटाणा धरला. वर प्रोसेसर गार ठेवणारा तो कूलर दाबला तर चारी बाजूंनी पेस्ट बाहेर. पुसता पुसता पुरेवाट झाली. तिथे मसुराएवढी लिही. मसूर सगळ्यांच्या घरी सारखाच असतो. आणि दुसऱ्या भागाला ‘अतिघटीकरण’ हे नाव कुणी सुचवलं? मला वाटलं, नवरात्रात जादा घट बसवायचे की काय. सरळ ओव्हरक्लॉकिंग लिही, आणि खाली सांग की कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवायचं.

खरी फजिती पुढेच झाली. कॉम्प्युटर चालू झाला, पडद्यावर अक्षरं आली, मी टाळी वाजवली, आणि थोड्याच वेळात तो आपोआप बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. पप्पा उठले आणि नुसतं ‘झालं’ म्हणाले. ते ‘झालं’ मला फार लागलं बघ. फोन शेजारीच होता, हातसुद्धा गेला होता. पण म्हटलं, नाही. पुन्हा कागद उघडले.

तू शेवटी लिहिलं होतंस की आपोआप बंद पडला, तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचत नाहीये; त्या दोघांच्या मध्ये काय आलंय ते बघा. ते वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. कूलरच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक होतं. मला ते दिसलंही होतं, पण मी मुद्दाम ठेवलं. आपल्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी काढलंय का कधी? टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. फ्रीजच्या दाराचं फाटलं तेव्हा मी दोन दिवस हळहळत होते. आणि तू नुसतं ‘कूलर बसवा’ लिहून मोकळी! वायर काढली, सगळं गार होऊ दिलं, प्लास्टिक ओढून काढलं, नवी पेस्ट लावली. मग जो चालू झाला तो बंद पडायचं नावच घेईना. ही सूचना पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाक. आपल्याकडे दर घरी हेच होणार.

नंतरची मजा ऐक. वेग वाढवायचं पान काढलं तेव्हा पप्पांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली. एक पायरी चढवा, तपासा, मगच पुढची, असं तू लिहिलंयस, पण त्यांना कुठला दम! अजून एक, अजून एक करत बसले. शेवटी कॉम्प्युटर हँग झाला. मीच त्यांना दटावलं आणि तू लिहिल्याप्रमाणे वेग एक पायरी खाली आणला. त्यांनी गपचूप ऐकलं. मला आतून एवढं बरं वाटलं, काय सांगू.

हे सगळं तुला लगेच कळवणार होतो. तेवढ्यात संध्याकाळी पप्पांच्या फोनवर तुझा मेसेज आला, मला न सांगता पाठवलेला. त्यात तू लिहिलंस, अट राहू द्या, मी नोकरीतच थांबते, मराठीत हे वाचणार तरी कोण. पप्पांनी तो दोनदा वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “तिला ये म्हणावं. आणि पुढचं काय लिहिणार आहे ते विचार.” म्हणून हे पत्र. वाचणार कोण, म्हणतेस. सृष्टी, मी वाचलं. मला कळलं. राजीनामा दे आणि घरी ये.

तुझीच,
आई