वरच्या खोलीतला इंग्रजीचा क्लास

विद्यानगर, हुबळी
१२ जुलै २०२५

ती. अण्णास,

नमस्कार. तो वाकूनच करते आहे. पुढचं मात्र ताठ मानेनं लिहिते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. इकडे सगळं ठीक. अप्पांचा खोकला कमी आहे. वहिनी कशी आहे, हे मी विचारत नाही.

तुझा निरोप पोचला. श्रावण लागायच्या आत क्लास बंद कर, नाहीतर वरच्या खोलीला कुलूप घालतो. कारण काय, तर तुझ्या कोप्पीकर रोडच्या क्लासला येणारे पालक विचारतात, "सर, तुमची बहीण कन्नड-मराठी मिसळून इंग्रजी शिकवते म्हणे?"

हो, शिकवते. उघड शिकवते. 'मोठा'ला आपण 'पणा' लावतो, कन्नडात 'दोड्ड'ला 'तन' लागतं, मग 'ग्रेट'ला 'नेस' लावायला घाबरायचं कशाला? असं फळ्यावर शेजारीशेजारी लिहिलं की कलघटगीहून बसनं येणारी शेवंता ओरडते, "अक्का, इष्टेना? एवढंच होय?" परवा तिनं 'आळशीनेस' असा शब्द बनवला. सगळ्या बाया पोट धरून हसल्या, तीही हसली, आणि स्वतःच उठून फळ्यावर 'लेझीनेस' लिहून आली. मग 'सॅड' काय, 'डार्क' काय, दिसेल त्याला शेपूट लावत सुटली.

तुझ्या क्लासात मराठी-कन्नड शब्द तोंडातून निघाला की पोराला उभं करतात. तिथली मुलं इंग्रजी बोलत नाहीत रे अण्णा, ती गप्प बसतात. चुकायला जागाच नाही तिथे.

तुझ्या घरातही नाही.

हे लिहावं की नाही, असं माझं आठवडाभर चाललं होतं. पाहुण्यांसमोर वहिनी एकदा इंग्रजीत दोन वाक्यं बोलली आणि तू तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलंस. तेव्हापासून ती चहा ठेवते आणि आत निघून जाते. मला त्या दिवशी तुझा राग आला होता. आजही येतो.

दर मंगळवारी ती भजनी मंडळाला जात नाही, अण्णा. माझ्याकडे येते. दोन वर्षं होत आली. पुढच्या बाकावर बसते, सगळ्यांच्या आधी चुकते आणि खणखणीत आवाजात चुकते. काल मीच म्हटलं, अण्णाला इतक्यात कळवायला नको. तर म्हणाली, "का म्हणून? मी काय चोरी केली होय? लिही."

म्हणून लिहिते. खोली अप्पांची आहे आणि ते म्हणतात, "कुलूप घालायचं तर आधी मला बाहेर काढ म्हणावं त्याला." हे झालं खोलीचं. क्लासचं म्हणशील, तर सोमवारी सुरू होणारी नवी तुकडी मी घेणार नाही. वहिनी घेणार आहे.

तेव्हा क्लास बंद करायचा असेल, तर मला निरोप धाडू नकोस. शिकवणाऱ्या बाईंनाच सांग. त्या तुझ्याच स्वयंपाकघरात आहेत. आणि सांगशील ते इंग्रजीतच सांग; उत्तर इंग्रजीत मिळेल.

तुझी, या वेळी न ऐकणारी बहीण,
श्यामला