अचानक तपासणी

३ नोव्हेंबर, सोमवार
हिंगोलीच्या आमच्या कामगार कार्यालयाला दोन इंटर्न निरीक्षक मिळाले. निवड माझीच. साधना फार प्रश्न विचारते, रत्नपाल सगळं लिहून घेतो. दोन्ही खोडी महिनाभरात मोडीन. महिनाअखेरीस विभागाच्या वरिष्ठ मॅडम ट्रेनिंग बघायला येणार. मला मास्टर ट्रेनर नेमतील, नक्की.
संकल्प: रोज दहाला हजर.

४ नोव्हेंबर, ११.४०
संकल्प उद्यापासून.
पहिला धडा घेतला: तपासणी कायम अचानक, मालकाला कुणकुण लागता कामा नये. धडा फारच रंगला. मध्येच झाडलोटीच्या शालूबाई रविवारची सुट्टी मागायला आल्या. म्हणाल्या, जवळा बाजार गावाला लेकीला पोरगी झाली, दोन म्हैने झाले साहेब, नातीचं तोंड न्हाई पाह्यलं. पण रविवारी त्या आमच्या घरची भांडी करतात. म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. साधनानं विचारलं, सर, आठवडी सुट्टीचा धडा कधी? पोरगी जिज्ञासू आहे.

१० नोव्हेंबर
पहिली अचानक तपासणी, हळद पॉलिशचा कारखाना. मालक फुलसिंग यांना सकाळी फोन केला होता, पण तो फक्त गाडी कुठे लावायची ते विचारायला. शाल, नारळ, पोहे. धुळीचं काम, तरी एकूण एक बाईच्या तोंडाला मास्क! रत्नपाल म्हणाला, सर, मास्कवर किमतीची चिठ्ठी तशीच हाय. पोराला चांगलं बघवत नाही.

१८ नोव्हेंबर
गृहपाठ दिला. कुठलीही एक जागा निवडा, तपासा, रिपोर्ट थेट मॅडमपुढे वाचा. मलासुद्धा सांगू नका! माझ्याशिवाय कुणाला सुचलं असतं?

२१ नोव्हेंबर
दोघं ऑफिसातून हलत नाहीत. शालूबाईंशी गप्पा, हजेरीपट चाळणं. आळशी निघाले.

२८ नोव्हेंबर
मॅडम आल्या. सत्काराची शाल मीच आणून ठेवली होती. कुणाच्या सत्काराची, ते सांगितलं नव्हतं.
साधनानं वाचायला सुरुवात केली. तपासलेली जागा: आमचं ऑफिस. साहेबांची येण्याची वेळ: पावणेबारा. शालूबाई: आठवडी सुट्टी शून्य, रविवारी काम साहेबांच्या घरी.
मॅडमनी शालूबाईंना खुर्ची देऊन विचारलं. त्या म्हणाल्या, व्हय, खरं हाय. साहेब वाईट न्हाईत, पण नात आता तीन म्हैन्यांची व्हायला आली. मी मान खाली घालून हजेरीपट चाळू लागलो.
रत्नपालला नंतर म्हटलं, निदान आधी कानावर घालायचं. तो म्हणाला, कुणकुण लागू द्यायची न्हाई, तुमीच शिकवलं, सर. आणि वहीतलं पान दाखवलं.
शाल मॅडमनी साधनाला दिली.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या सगळ्या अधिकाऱ्यांना ट्रेनिंग. शिकवणार साधना, वेळ दहा. यादीत पहिलं नाव माझं.
शालूबाई जवळा बाजारला गेल्या. बायको म्हणाली, मग मलाही सुट्टी. भांडी माझ्याकडे आली. घासणी कुठे असते ते विचारायला शालूबाईंना फोन केला, तीनदा.
उचलला नाही. सुट्टी आहे त्यांची.