ओटीतला शाळू

२ ऑगस्ट

झाली एकदाची! ऋतुजाची बाहुली पुरी झाली.

मंगळवेढ्याकडच्या मायाक्कानं लेकीची, ऋतुजाची, साखरपुड्याची साडी आणून दिली होती, आठवणीची बाहुली करायला. पोर लग्नाआधीच तापानं गेली. साडी पेटीत राहिली, निम्मी उंदरांनी खाल्ली. चांगलं कापड होतं तेवढं सगळं बाहुलीत गेलं – चिंधीसुद्धा उरली नाही. काठावर मशीननं जरीची वेल काढली, गळ्यात बोरमाळ घातली. मणी सगळे माझ्या जावेनं, धनलक्ष्मीनं ओवले. ही बाई घरात आहे म्हणून माझी कला आहे!

शेवटी नेहमीसारखी ओटी भरली. आपल्या घरून लेक रिकामी जात नाही, बाहुली तरी का जावी? मायाक्कानं आपल्या शेतातली शाळू ज्वारी आणली होती, त्यातलेच चिमूटभर दाणे पोटाशी शिवून टाकले. धनलक्ष्मी म्हणाली, आधी भाजून घ्या. मी हसले. भाजलेल्या धान्यानं कोण ओटी भरतं!

३ ऑगस्ट

मायाक्का बाहुली घेऊन गेली. पिशवीत ठेवेना, कडेवरच घेतली. मन भरलं, आज देवाकडे मी काही मागितलं नाही.

५ सप्टेंबर

मायाक्का परत आली. बाहुली टेबलावर ठेवली आणि खाली बसली. बाहुलीच्या पोटातून हिरवे कोंब वर आलेले, जरीची वेल उसवलेली, साडीवर डाग!

गौरीच्या सणाला तिनं बाहुलीला न्हाऊ घातलं होतं. म्हणाली, "लेक सणाला माहेरी आली की न्हाऊ घालत्यात. म्या बी घातली."

ओली बाहुली कोनाड्यात बसवली, आणि आत माझे कच्चे दाणे! धनलक्ष्मीनं आधीच सांगितलं होतं. पोरीची शेवटची आठवण मी नासवली. आता तसलं कापड आणू तरी कुठून?

मी कात्री उचलली तर मायाक्कानं हात धरला. "कापू नका. मुळासकट काढा."

टाका टाका उसवून कोंब काढले. तिनं ते ओल्या फडक्यात बांधून घेतले. डागावर मी मोत्यांची नक्षी भरली, जमेल तशी. कोंब आणि बाहुली घेऊन ती गेली. एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर

यापुढे ओटीत भाजलेलेच दाणे. ठरलं.

२० डिसेंबर

तीन बाहुल्या गेल्या. हात चालतोय, डोळे साथ देताहेत, धनलक्ष्मी शेजारी बसते – तक्रार कसली करायची? मायाक्काचा मात्र फोन नाही. करायचं माझंही धाडस होत नाही.

८ फेब्रुवारी

मायाक्का येऊन गेली. मी म्हटलं, आता भाजलेलेच दाणे घालते, तर पदराखालून शाळूची भरलेली कणसं काढून तिनं माझ्या ओटीत घातली.

"ऋतुजाची हायती, त्याच कोंबांची. आता हितनं कुणाची बी लेक निघाली की हेच दाणे घाला. आन् भाजू नका."