व्हॅनची चावी मी नेली आहे

सूनबाई,

तो उठून व्हॅनची चावी शोधायला लागला की सांग, आईने नेली. चिडला तर चिडू दे. मी झोपेच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला जाते आहे. अकरापर्यंत त्याला चालत तिथे घेऊन ये.

महिन्याभरात व्हॅनचा डावा आरसा दोनदा फुटला. म्हणे, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं. दोन्ही वेळा डावाच बरा सापडला? काल मी त्याची पाव पोचवायची वही चाळली. सकाळची अक्षरं सरळ आहेत, दुपारची ओळ सोडून खाली घसरलेली. जेवताना घास हातात तसाच राहतो आणि याचा डोळा लागतो. रात्री घोरता घोरता मध्येच श्वास अडकतो, तो भिंतीपलीकडे मला ऐकू येतो.

माझ्या थोरल्या भावाचं असंच होतं. आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणून हसायचो. एका दुपारी तो सायकलवर झोपला आणि कालव्यात गेला. मग कुणी हसलं नाही.

आणि तू गं, भाजी काय आणू म्हणून त्याला दर वीस मिनिटांनी फोन करतेस. एवढी भाजी या घरात कधी शिजली? त्याला जागं ठेवायलाच करतेस ना? मग माझ्यापासून का लपवलंस?

डॉक्टरांपुढे तो 'जरासा घोरतो' म्हणून हसेल. तेव्हा तू गप्प बसू नकोस. नोकरी जाईल म्हणून भितेस, ते कळतं मला. पण ज्या दिवशी तुझा फोन लागणार नाही, त्या दिवशी त्याला कोण उठवेल?

आई