पंच्याऐंशीला मागे सरावं लागतं

२८ डिसेंबर, सकाळ
आजपासून राग बंद. कायमचा. मुळात मी शांत माणूस. आटगावात कोणालाही विचारा, शेजारचे कमळूकाका सोडून.

काल झालं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. पूजा भाकऱ्या थापत होती. मी तिला प्राइम लेन्स समजावत होतो. झूम फिरवली की जवळ-लांब होतं. प्राइमला ती सोय नाही. माणसाने स्वतः पुढे-मागे व्हायचं, त्यातूनच फोटोग्राफर घडतो. सगळं ऐकून बायको विचारते, झूममधी काय वाईट हाय, बसल्या जागी सगलं दिसतंय की. बसल्या जागी! लग्नाला दोन वर्षं झाली आणि ही म्हणते बसल्या जागी.

मी झूम फेकली. तिच्यावर नाही, खिडकीकडे. खिडकी उघडी होती यात माझा दोष नाही. कमळूकाकांचा कोंबडा जागच्या जागी गेला. काका कोयता घेऊन आले, मी वरवंटा उचलला, गल्लीने दोघांना धरलं. तेवढ्यात पूजाने पोपटी पिशवीत कपडे कोंबले आणि मुरबाडकडे माहेरी गेली. त्या पिशवीची चेन मी मागे एकदा रागात तोडली होती, ती सेफ्टी पिन लावून वापरते.

येईल दोन दिवसांत. झूम गेली ते बरंच झालं. आता एकच प्राइम घ्यायची. पस्तीस एमएमची, पन्नासची की पंच्याऐंशीची? विचार शांतपणे करायचा.

३० डिसेंबर
सासरे, कुंडलिकमामा, बोलायला आले. स्टेशनबाहेर गाठलं. मानूस हो आदी, एवढंच बोलले. बाकी हातच चालला. रिक्षावाले बघत होते. मी उलटा हात टाकला नाही, कारण ते वयाने मोठे आहेत आणि मी खाली पडलो होतो.

गालाला बर्फ लावताना लेन्सचा एक मोठा मुद्दा सुचला. माणूस अर्धा फ्रेममध्ये घ्यायचा तर पस्तीसला त्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं. पन्नासला काठीच्या टप्प्यात. पंच्याऐंशीला दोन्हीच्या बाहेर राहता येतं. हे इंटरनेटवर कोणी सांगत नाही.

पूजा अजून आली नाही. भात करपला. पातेलं आपटलं, वाकलं. हा राग नव्हे.

४ जानेवारी, म्हसा
जत्रेत बैलांचे फोटो. वाशिंदला शेखरचा स्टुडिओ आहे, शाळेपासूनचा दोस्त, त्याने पस्तीस वापरायला दिली. एक गोष्ट शिकलो. पस्तीसमध्ये समोरचं असतं त्याहून लांब दिसतं. मी बैलाच्या आणखी जवळ, आणखी जवळ जात राहिलो. व्ह्यूफाइंडरमध्ये बैल चांगला लांब होता.

शिंग बरगडीला लागलं. पडल्यावर बैलाच्या मालकाने आसूड मलाच मारला, बैल बिथरवला म्हणून. मी त्याच्या पायाला चावलो. तेवढाच भाग टप्प्यात होता. फोटोत बैलाची एक नाकपुडी आली आहे, शार्प आहे.

पस्तीस बाद.

११ जानेवारी, शहापूर
कबड्डीचे सामने. आज पन्नास, हीपण शेखरचीच, तो सोबत आला होता. ही डोळ्याला दिसतं तसंच दाखवते म्हणतात. खरं आहे, लाथ येताना अगदी लाथेएवढीच दिसली. मी रेषेच्या आत उभा होतो असं पंचांचं म्हणणं. माझं म्हणणं, रेषाच चुकीची आखली आहे. पंच अंगावर आले, मी फक्त ढकललं, ते टेबलावर पडले, टेबल ट्रॉफीवर पडलं. मग दोन्ही संघ एक झाले. खेळात एवढी एकी मी पाहिली नव्हती. त्यांनी मला हमरस्त्यापर्यंत तुडवत आणलं.

पन्नासही बाद. राग मात्र आवरला. ट्रायपॉड उगारला होता, पण शेखर म्हणाला त्याचा आहे, म्हणून मारला नाही.

पूजाचा फोन नाही. मीही करणार नाही. जो शांत असतो तो वाट बघतो.

१९ जानेवारी
मेव्हण्याचं, चंदरचं, लग्न ठरलं. फेब्रुवारीत हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. घरात एवढा फोटोग्राफर जावई असताना ऑर्डर कोणाला दिली? शेखरला! वाशिंदला जाऊन त्याची कॉलर धरली. दोन बटणं तुटली. कॉलर सोडल्यावर त्याचीच जुनी पंच्याऐंशी विकत घेतली. त्याने बजावलं, जवलचं पकडत नाय हां ही, मानूस पार अंगाशी आला का मागे सरायला सांग. मी म्हटलं, माझ्या अंगाशी सध्या कोणी येत नाही.

प्लॅन पक्का. लग्नात पूजाचे पोर्ट्रेट काढायचे. मागचं सगळं पुसट, तिचा चेहरा तेवढा लख्ख. तो फोटो बघितला की ती विचारणारच नाही मी कसा वागलो. आपोआप घरी येईल. घर फार गप्प झालंय, हेही लिहून ठेवतो.

रात्री तिचा फोन आला. म्हणाली, चंदरच्या लग्नाला या. नुसते या, तो कॅमेरा नको. बिचारी. मला त्रास नको म्हणून म्हणते.

२० फेब्रुवारी, हळद
मांडव चिंचोळा. पंच्याऐंशीला जागा लागते. चंदरला हळद लावताना मी मागे सरत गेलो. एका मावशीच्या पायावर पाय, मग डीजेची वायर, मग मटणाचा टोप. टोप कलंडला. आचाऱ्याला वाटलं डीजेवाल्याने ढकललं, त्याने झारा हाणला. डीजेवाल्याने खुर्ची घातली. मग अख्खा मांडव पेटला. हळदीचे हात सगळ्यांच्या गालांवर पिवळेजर्द उठत होते.

मी शूट करत राहिलो. पंच्याऐंशीत एका वेळी एकच चेहरा मावतो. प्रत्येक मारणारा माणूस स्पष्ट, मार खाणारा फ्रेमच्या बाहेर. जरा वेळाने लक्षात आलं की मार खाणारा मीच आहे.

वीट पंच्याऐंशीच्याही टप्प्यापर्यंत पोहोचते. तीन टाके. पट्टी पूजाने बांधली. घट्ट बांधली.

२१ फेब्रुवारी, लग्न
लग्न लागलं. वऱ्हाड जेवायला बसल्यावर पूजा मांडवाच्या कडेने सरळ माझ्याकडे चालत आली. मी कॅमेरा डोळ्याला लावूनच होतो. पंच्याऐंशीत ती मोठी मोठी होत गेली. म्हणाली, ऐका ना, मला काय सांगायचंय. नेमकी लेन्स घर्र घर्र करायला लागली. पार अंगाशी आली होती. मी म्हटलं, मागे सर, फोकस होत नाही. सरली. म्हटलं, आणखी. आणखी सरली. मग लागला फोकस. क्लिक.

तेवढ्यात बाजूला शेखर त्याच्या पस्तीसने काहीतरी काढताना दिसला. माझी फ्रेम चोरतो! त्याला दोन ठेवून दिल्या, त्याने एक परत दिली, ओठ फाटला. मागे वळून बघतो तर पूजा नव्हती. लग्नघर आहे, कामात असेल.

२३ फेब्रुवारी
फोटो बघितला. आयुष्यातला सगळ्यात भारी फोटो. मागचा मांडव विरघळला आहे आणि पूजाच्या डोळ्यांत काय चमक आली आहे! दोन्ही डोळे प्रकाशाने भरलेले. असा परिणाम पस्तीसला सात जन्मांत यायचा नाही. मोठा प्रिंट काढून मुरबाडला पाठवतो. या आठवड्यात ती येते.

२६ फेब्रुवारी
शेखर घरी आला. मी पातेलं उचललं. तो म्हणाला, मार, पन ह्यो आदी बघ.

त्याचा पस्तीसचा फोटो. सगळं त्यात. डाव्या कडेला मी, कॅमेऱ्यामागे, डोक्याला पट्टी. मध्ये मोकळी जमीन, मी तिला सरायला लावली तेवढी. उजवीकडे पूजा. हातात पोपटी पिशवी, चेनच्या जागी सेफ्टी पिन, कपड्यांनी गच्च फुगलेली.

माझ्या फोटोत ती खांद्यापर्यंतच होती.

शेखर म्हणाला, तुज्याबरोबर घरी यायला निघाली व्हती रे ती. चंदरनं सांगला. डोळ्यांतली चमक कसली होती तेही मग कळलं. पातेलं खाली ठेवलं. शेखरसमोरच रडलो. मला लाज वाटली, अजून वाटते आहे.

१ मार्च
मुरबाडला गेलो. कॅमेरा घेतला नाही. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं.

मामा अंगणात लाकडं फोडत होते. कुऱ्हाड बाजूला ठेवून आले आणि एक दिली. मी हात उचलला नाही. या वेळी उभा होतो, तरीही.

पूजा दारात आली. मी पुढे निघालो. ती म्हणाली, पुढं नका येऊ. थितूनच बोला. थितनं बरं दिसतंय ना तुमाला.

बोललो. कोंबड्या ओरडत होत्या, तिला किती ऐकू गेलं माहीत नाही. मला परत ये म्हणायचं होतं, ते म्हटलं. चुकलो तेही म्हटलं. ती उंबऱ्याच्या आत सरली. मी थांब म्हणालो नाही. संध्याकाळच्या एसटीने परत.

घरी येऊन पंच्याऐंशी फेकायला उचलली. आधी खिडकी लावून घेतली. मग कशावर फेकायची ते सुचलं नाही.