नकाशात नसलेली शेहेचाळीस बोटं

७ जाने. ९१
मूर्ती सरांनी काम दिलं. फिल्टरचे मास्क हातानं कापणारे आमचे यशवंतराव अण्णा, त्यांचे शेवटचे दहा मास्क मी आखलेल्या नकाशांशी ताडायचे, चुका लिहायच्या. मास्क कापणाऱ्या नव्या यंत्राच्या प्रस्तावाला जोडायला, म्हणाले. अण्णांना हलवायला, हे बोलले नाहीत. निवृत्तीला चौदा महिने उरलेत.
यंत्र आलं तर माझ्या ताब्यात. लगेच हो म्हटलं.

१० जाने.
दिवसभर त्यांच्या टेबलाशी. पारदर्शक फिल्मवर लाल थर, तो पात्यानं कापून सोलायचा, की झाला मास्क. एकमेकांत घातलेल्या दोन कंगव्यांसारखी आकृती, प्रत्येक बोट अडीच मि.मी. मग कॅमेऱ्यानं दोनशेपट लहान करून स्फटिकावर ॲल्युमिनिअममध्ये उतरवायची. सत्तर मेगाहर्ट्झच्या आसपासचेच संदेश पुढे सोडणारा फिल्टर. पुढच्या फ्रीक्वेन्सींना बोटं इतकी बारीक होतील की हातानं जमणारच नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे.
अण्णा बंगलोरच्याच चामराजपेटेतले जुने मराठी. वडिलांपेक्षा मोठे असून मला अम्मा म्हणतात. "तुमचं पुण्याचं मराठी कोर्टातल्यागत लागतं, अम्मा. स्वल्प हळू बोला."
बोटाच्या टोकाशी श्वास धरतात. मान उजवीकडून पुढे काढतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असावा. लपवतात.

१७ जाने.
मोजणी पूर्ण. दहा मास्कांत रुंदीच्या चुका अकरा, फाटलेल्या कडा चार. माझ्या हातून याहून जास्त झाल्या असत्या.
पण प्रत्येक मास्कवर शेहेचाळीस बोटं जास्तीची. जिथे माझी बोटं आखूड आहेत तिथे समोरच्या पट्टीतून एकेक बुटकं बोट काढून रिकामी जागा भरलेली. विचारलं.
"पहिले साहेब घाला म्हणालेले. तवापास्न घालतो."
का, ते त्यांनी विचारलं नव्हतं. मीही पुढे विचारलं नाही. नकाशावर सही माझी आहे, एवढं म्हटलं.
"सरी, बरं. नको तर काढतो की."
अहवालात 'अनधिकृत बदल : ४६० ठिकाणी' असं लिहिलं. मूर्ती सरांना शब्दयोजना आवडली.

४ फेब्रु.
समिती. अहवाल अण्णांसमोर वाचला. मग सरांनी कन्नडमध्ये डोळ्याबद्दल विचारलं. ते वाक्य अहवालात नव्हतं, मी तोंडी सांगितलं होतं. अण्णा माझ्याकडे वळून मराठीत, जे त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळत होतं :
"तुम्ही बघून लिहिलात न्हवं, अम्मा?"
"मोजलं ते लिहिलं."
"मग बरोबरच असंल." अहवालावर सही केली.

११ फेब्रु.
अण्णांची स्टोअरमध्ये बदली. जाताना पातं फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले. चिठ्ठी नाही.
टेबल खिडकीशी आहे. मी घेतलं.

६ मार्च
बाहेरून यंत्रावर करून घेतलेला मास्क आला. नकाशाबरहुकूम. कडा आरशासारख्या. जास्तीचं एकही बोट नाही. सर सगळ्यांना दाखवत फिरले.

१९ मार्च
फिल्टर झाले. जिथे आलेख सपाट हवा तिथे लाटा. अण्णांच्या मास्कच्या तिप्पट. तीनदा मोजलं. स्फटिक बदलला. जोडणी बदलली. शेवटी त्याच स्फटिकाच्या दुसऱ्या तुकड्यावर अण्णांचा जुना मास्क वापरला.
सपाट.

२१ मार्च
लायब्ररी. धातूखाली लाट मंद चालते, उघड्या स्फटिकावर भरभर. बोटं आखूड असतील तर कडेची लाट मधलीच्या पुढे जाते, लाटेची आघाडी वाकते, आलेख बिघडतो. म्हणून रिकाम्या जागी नुसती भरीची बोटं घालायची. विजेच्या दृष्टीनं ती काहीच करत नाहीत.
दोन ओळींचा मजकूर. समासात पेन्सिलीची खूण, माझीच. एम.टेक.ला असताना वाचलेलं पान.

२२ मार्च
पत्र टाइप केलं. '४६० चुका मागे घेत आहे. त्या चुका नव्हत्या. श्री. यशवंतराव यांना मूळ जागी...' पुढचं वाक्य तीन तऱ्हांनी केलं. सरांना दिलं नाही. यंत्राची मंजुरी पुढच्या महिन्यात, आणि तिचा आधार माझा अहवाल.
नकाशात दुरुस्ती 'ब' केली. शेहेचाळीस बोटं घातली. 'बदल कुणी सुचवला' या रकान्यात माझी आद्याक्षरं.

९ एप्रिल
'ब'चे फिल्टर उत्तम. सरांनी विचारलं, कल्पना तुझी का. हो म्हटलं. आवाज नेहमीसारखाच होता.
पोरं कँटीनमध्ये अण्णांची नक्कल करतात, एक डोळा मिटून डोशाच्या कडा कापतात. मीही हसले. थोडंसं.

१२ एप्रिल
काचेच्या प्लेटा आणायला स्टोअरमध्ये. मागणीपत्राला नकाशाची प्रत जोडावी लागते. अण्णांनी प्रत उजेडात धरली, मान उजवीकडून पुढे. बोट फिरवत मोजू लागले. माझ्यामागे दोघं उभे होते, एकानं घड्याळ बघितलं. अण्णांनी घाई केली नाही.
"शेहेचाळीस." शिक्का मारला. "आत्ता सरी झालं, अम्मा. कुणी सांगितलं?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते.
"पुस्तकात होतं."
"पुस्तकात आहे होय!" चेहरा उजळला. "मग पहिल्या साहेबांनी पण तिथनंच घेतलं असंल. मला वाटलं, माझंच काई चुकत आलं इतकी वर्सं."
प्लेटा मोजून दिल्या. एकेक, दोन्ही हातांनी.
आता टेबलाशी आहे. पत्र पर्समध्येच, घडीवर फाटत आलंय. यंत्राच्या कागदावर आज सही व्हायची आहे. मूर्ती सर एकला जेवायला निघतात. केबिनचं दार उघडं आहे, इथून दिसतं.
बारा चाळीस.