ब्रेकचे पॅड आणि कुंदनचे स्थळ

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, २१ फेब्रुवारी २००५

तीर्थस्वरूप दाजींस,

रंगनाथचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? ताईचा खोकला थांबला का? इकडे आई (वय अठ्ठ्याहत्तर, दात सोळा, आवाज जसाच्या तसा), साधना आणि भाग्यश्री खुशाल आहेत. शेवंतीला भाव बरा आहे, पण तो का बरा आहे हे मला अजून कळलेले नाही. खरे तर फोनच केला असता, पण देवळ्याचा तुमचा फोन बैठकीत, आणि बैठकीत कायम तुमचे थोरले बंधू, म्हणजे कुंदनचे वडील. म्हणून हे आंतरदेशीय. कडा डिंकाने दोनदा चिकटवणार आहे. एकदाच चिकटवलेल्या दिसल्या तर वाटेत कुणीतरी वाचले असे समजावे.

येत्या रविवारी कुंदन आमच्या भाग्यश्रीला पाहायला येणार, हे तुम्हीच जुळवून आणलेत. एवढे चांगले स्थळ पुन्हा चालून येणार नाही, असे साधना रोज ऐकवते. पण ते मोडावे लागेल असे दिसते. कारण ब्रेक.

माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. महिनाभर तो दाबला की किरकिरत होता. पॅड झिजले हे कळत होते, पण मेकॅनिककडे गाडी टाकायची नाही हा माझा नियम. मेकॅनिक म्हणतो, काका, चहा पिऊन या. आपण चहा पिऊन येतो तोवर गाडीतले चांगले सामान दुसऱ्याच्या गाडीत गेलेले असते. (मी प्रत्येक भागावर भाग्यश्रीच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला आहे. आजवर एकही भाग बदललेला सापडला नाही. इतके सफाईदार काम करतात.) तेव्हा पॅड घरीच बदलायचे ठरवले, आणि ते आणायला मुद्दाम नाशकातल्या द्वारका चौकात, कुंदनच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. होणारा जावई आधी गिऱ्हाईक होऊन तपासावा, या मताचा मी आहे. ओळखू नये म्हणून तोंडाला मफलर गुंडाळला होता. भर दुपारी, घामाने जीव नकोसा झाला. मुलगा नम्र निघाला. न मागता भाव कमी केला. दाजी, मी तिथेच सावध व्हायला हवे होते. घासाघीस न करता भाव उतरवणाऱ्याच्या मनात काहीतरी असतेच.

हे शुक्रवारी. आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे, नवी वस्तू आधी देव्हाऱ्यासमोर जाते आणि मग वापरात, त्यामुळे आईने पॅड ठेवून घेतले. शनिवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून बसलो. निघालेला प्रत्येक बोल्ट मी परातीत टाकायचा आणि साधनाने परातीवर लक्ष ठेवायचे, अशी वाटणी होती. तरी एक बोल्ट कमी भरला. साधना जागची हलली नव्हती, मांजरीही हलली नव्हती. मी दोघींकडे बराच वेळ पाहिले. अर्ध्या तासाने तो माझ्याच मांडीखाली सापडला. (तो तिथे कसा गेला हे साधनाने अजून सांगितलेले नाही.) जुने पॅड उपसले, आतला दट्ट्या मागे दाबला, नवे सरकवले. त्यांच्यावर तांबूस चकाकी होती. कंपनीचा रंग असेल असे समजून पुढे गेलो. आयुष्यात तेवढ्या एका वेळी मी चांगले समजून पुढे गेलो.

पाटाच्या उतारावर गाडी घातली आणि खाली ब्रेक दाबला. दाबला म्हणजे मुठीत होता नव्हता तेवढा जोर लावला. गाडीने दखल घेतली नाही. मागचा ब्रेक सुचेपर्यंत शेवंतीचे दोन वाफे ओलांडून ठिबकच्या नळ्यांत अडकलो. वाफे आपलेच होते. गुडघा सोलला आहे, ताईला सांगू नये. पॅड काढून बोट फिरवले तर बोट लाल आणि तेलकट. मग सगळा प्रकार लक्षात आला. जुन्या पॅडांना रंग फासून नवे म्हणून माझ्या गळ्यात मारले होते.

तसाच रिक्षाने द्वारका गाठली आणि चार गिऱ्हाइकांसमोर कुंदनला लबाड म्हणालो. त्याने आवाज चढवला नाही. पॅड नाकाशी नेला आणि म्हणाला, "मामा, काल तुम्हाला ओळखूनच चांगला जोड दिला होता. हा रंग नाही. हुंगून बघा."

मी हुंगले नाही. दुकानात कुणी काही हुंगायला दिले तर हुंगू नये. शिवाय मफलरमधूनही ओळखणारी नजर म्हणजे साधी नजर नव्हे. वर त्याने दुसरा जोड फुकट पुढे केला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. रविवारी येऊ नका, असे सांगून निघून आलो. ज्याच्या पॅडचा भरवसा नाही त्याच्या घरी मुलगी कशी द्यायची? तरी स्थळ मोडले हे तुमच्या गोड भाषेत बंधूंना कळवावे.

आपला,
रंगनाथ

ता. क. : चिकटवण्याआधी पत्र आईला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले, मग उठून देव्हाऱ्यातली शेंदराची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. शुक्रवारी तिने मारुतीचा शेंदूर तिळाच्या तेलात कालवून दोन्ही पॅडांना लावला होता. नेमका घासणाऱ्या बाजूला, कारण ती बाजू सपाट होती. तेल लागले की ब्रेक धरत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. मारुतीला दर शनिवारी तेल घालतात, तो कुठे घसरतो, असे ती म्हणाली.

दुसरी ता. क. : पत्र फाडून नवे लिहिणार होतो, पण तुकडे कुणी जुळवून वाचले तर? म्हणून हेच पाठवतो. वरचे कुंदनबद्दलचे सगळे खोडलेले समजावे. खरे काम हे आहे, की पत्र मिळताच तुम्ही स्वतः द्वारकेला यावे आणि त्याला समजावून रविवारी घरी आणावे. भाग्यश्री शनिवारपासून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते आणि आत जाते. मुलगा तिच्या मनात भरला होता, हे साधनाने आज सांगितले. मला विचारायचे सुचलेच नव्हते. पोरीचा चेहरा बघवत नाही, दाजी. माझी चूक झाली. बावन्न वर्षांत हे मी कुणाला लिहून दिलेले नाही, तेव्हा पत्र कुंदनला दाखवायला हरकत नाही.

शेवटची ता. क. : तुलाही त्या मुलाच्या मालाचा संशय आला होता, म्हणूनच शेंदूर लावलास ना, असे आईला आत्ता विचारले. ती म्हणाली, "त्या पोराचा मला लय भरवसा व्हता. पॅड तू बसवणार व्हता."